चेसिसला हळदकुंकू

आमच्या घरमालक काकांच्या अंगणात दसऱ्याची पूजा व्हायची ती गाडीखाली आडवं होऊन. बाकी अमरावतीत लोक बोनेटवर स्वस्तिक काढतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, झेंडूचा हार घालतात आणि सोनं वाटायला मोकळे होतात. आमच्याकडे ते चालत नसे. काकांचा हुकूम असा, की हळदकुंकू लागेल ते चेसिस नंबरलाच. आता चेसिस नंबर म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर लोखंडात ठोकलेली सतरा अक्षरं नि आकडे, आणि कंपनी ती ठोकते कुठं, तर जिथं माणसाचं डोकं धड शिरत नाही तिथं. त्यामुळं दसऱ्याच्या सकाळी पाच-सहा भाडेकरू नव्या शर्टात आपापल्या गाडीखाली तरटावर उताणे पडलेले, बायका वरून कुंकवाचा करंडा आत सरकवून राहिलेल्या, आणि काका मधोमध उभे.

"दिसला का नंबर? पुरा वाच. मोठ्यानं वाच! देवाचं नाव घेताना अर्धं गिळते का कोणी?"

आणि सगळे वाचायचे. शेजारच्या गल्लीतली माणसं गच्चीवर येऊन पाहायची. पहिल्या वर्षी मला नुसतं पाहूनच मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

काकांनी एका बस डेपोच्या वर्कशॉपात तीस-बत्तीस वर्षं काढली, शेवटी हेड मेकॅनिक म्हणून. गाडी रस्त्यावर सोडायची तर त्यांची सही लागायची. "माह्या सहीची गाडी क्रेननं वापस आली नाही," हे त्यांचं आयुष्यभराचं भांडवल. रिटायर झाले आणि सही करायला काही उरलं नाही. मग त्यांनी मोठं अंगण असलेलं घर बांधलं, मागं ओळीनं खोल्या काढल्या आणि गाडीवाल्यांनाच भाड्यानं दिल्या. एक बँकेतला सज्जन माणूस खोली पाहायला आला होता. काकांनी विचारलं, "गाडी कोणती?" तो म्हणाला, "माझ्याकडे नाही, मी पायीच जातो." काका म्हणाले, "मंग तुमी अठी राहून करसान काय?" तो बिचारा अजून कुठं भेटला तर हसून सांगतो.

त्यांच्याकडे एक जाडजूड वही होती. कागद चेसिसवर धरायचा, वरून आडवी पेन्सिल घासायची, की नंबर कागदावर उमटतो. गाडी नावावर करताना अशी छाप लागते, हे आमच्या मालवाहतुकीच्या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. पण काका ती हौसेनं घ्यायचे. जावयाच्या कारची, दूधवाल्याच्या मोटारसायकलची, पाणीपुरवठ्याच्या टँकरची, कोणाचीही. आणि शेवटचे चार आकडे हेच त्या माणसाचं नाव. "अबे शहात्तर-शून्य-दोन, नळ आला, पाणी भर." शहात्तर-शून्य-दोन हा शाळेत शिकवणारा चांगला पन्नाशीचा मास्तर होता. तोही ओ द्यायचा.

मला मात्र दीड वर्ष ते 'बिननंबरी' म्हणत होते. कारण मी माझ्या पिकअपला त्यांना हात लावू दिला नव्हता. ते का, ते येईलच.

महिन्याच्या पहिल्या तारखेला काका आंघोळ करून, स्वच्छ बनियन घालून ओट्यावर बसायचे. समोर वही, हातात काच तडकलेला मोबाईल. एका बोटानं एकेक नंबर कंपनीच्या साइटवर टाकायचे आणि पडद्यावरचं चाक फिरायचं थांबेपर्यंत श्वास धरून बसायचे. "काही नाही," असं दिसलं की वहीत टिक. त्या अर्ध्या तासात अंगणात कोणी कपडे धोपटायचे नाहीत, हा नियम. मी पहिल्यांदा विचारलं, "काका, हे रिकॉल का काय म्हणता, ते असते तरी काय?"

"कंपनीबी माणसाचीच हाय ना बे. चुकते. हजार गाड्या बनवल्या, त्यातल्या शंभरात एखादा पार्ट कच्चा निघाला. मंग ते सांगतेत, या या नंबराच्या गाड्या घेऊन या, आमी फुकट बदलून देतो. चूक कबूल करून बोलावते बाप्पा कंपनी! आपल्या घरात कोण करते कबूल?"

आतून काकूंचा आवाज आला, "ऐकून रायली मी."

"पत्र नाही का येत?" मी विचारलं.

"येते ना. पह्यल्या मालकाले. गाडी तीन घरं फिरून येते आन् पत्र पह्यल्याच घरच्या फळीवर पडून रायते. म्हून तं जुन्या पिकअपवाल्यानं सोता पाहावं. नव्या गाडीले बाप असते. जुन्या गाडीले कोण हाय?"

काकूंची गोष्ट निघालीच आहे तर सांगतो. काकू म्हणायच्या, "मले पाहाले आले तवा यायनं मले कमी पाह्यलं, आन् आमच्या बैलगाडीचं चाक जास्त पाह्यलं. जाता जाता माह्या बापाले म्हणे, आऱ्याची खुंटी बदला. आमाले वाटलं नकार होय." खुंटी खरंच सैल होती. लग्न झालं.

तपासणी फक्त गाडीची नव्हे. भाच्याच्या वरातीत नवरदेव घोडीवर बसायच्या आधी काकांनी घोडीचे चारही पाय उचलून नाल पाहिले होते. बँडवाले थांबले, घोडीवाला चिडला, नवरदेव फेट्यात घामाघूम. "चालू द्या," म्हणाले, तेव्हा कुठं वरात हलली. माझ्या पोरीच्या बारशाला तर कहर केला. बाया घुगऱ्या घेऊन बसलेल्या, पाळणा सजवलेला, गोविंद घ्या गोपाळ घ्या सुरू व्हायच्या बेतात, आणि हा माणूस आला, पाळणा बाजूला काढला आणि दोन्ही हातांनी छताच्या कडीला लटकला. सत्तर वर्षांचा माणूस! धोतर सावरून, पाय उचलून! वरून चुन्याची भुकटी पडली, अर्धी घुगऱ्यांत, अर्धी माझ्या सासूच्या डोक्यावर. सासूबाई पुटपुटल्या, "वेडं हाय का हे?" काका झोका घेऊन खाली उतरले, हात झटकले आणि म्हणाले, "कडी पास. ठेवा पोरीले."

चुकायचेही. एकदा एका लग्नाच्या घरी जाऊन त्यांनी ऐन सकाळी सांगितलं, की नवरीला न्यायची कार रिकॉलमधली आहे, नेऊ नका. धावाधाव झाली. वऱ्हाड टेम्पोतून गेलं. नंतर कळलं, तो रिकॉल त्याच मॉडेलच्या पण पुढच्या वर्षीच्या गाड्यांचा होता. काकांनी दुसऱ्या दिवशी पेढे घेतले, नवरीच्या सासरी गेले आणि सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाले, "मी वर्ष पाहाले चुकलो." तेव्हापासून ते प्रत्येक नंबर दोनदा टाकायचे.

आता माझं सांगतो. सांगताना लाज वाटते, पण सांगतो.

माझी पिकअप बारा वर्षांची, मी तिचा तिसरा मालक. शेंदूरजनाघाटच्या एका संत्रा व्यापाऱ्याकडून ती मोर्शीच्या माणसाकडे गेली, त्याच्याकडून माझ्याकडे आली. प्रत्येकानं तिला खालून एकेक हात काळा रंग फासला, गंज लपवायला. नंबराचा कुठं मागमूस नाही. काका म्हणायचे, "खरडून पाहू दे." मी म्हणायचो, "कागदावर हाय ना नंबर."

"कागदावरचा नंबर कागदाचा. गाडीचा नंबर गाडीचा."

"मंग राहू द्या ना काका. गाडी धावून रायली ना?"

"धावते सारंच. थांबते का ते पाह्यजे."

माझं डोकं फिरायचं. गाडी ही माझी भाकर. संत्री, तूर, सोयाबीन, कोणाचं घरसामान, जे मिळेल ते मी वाहायचो. एक दिवस गाडी उभी म्हणजे एक दिवस चूल विचारात. आणि हा म्हातारा तिच्यात खोट शोधायला टपलेला. दरवर्षी पासिंग होते, इन्शुरन्स आहे, आणखी कोणाला दाखवायची? मी त्यांना कागदही दाखवला नाही आणि गाडीही.

शेवटी बायकोनंच घात केला. दसरा जवळ आला तशी म्हणाली, "साऱ्यायच्या गाडीले हळदकुंकू लागते, आपल्याच नाही. पोर झाली या वर्षी. मले नाही चालणार." काका ऐकतच होते. आठ दिवस आधीपासून रॉकेल, ब्रश, पत्र्याचा तुकडा घेऊन सकाळ-संध्याकाळ गाडीखाली. तीन मालकांचा रंग त्यांनी एकट्यानं उतरवला. दसऱ्याला मी उताणा पडून मोठ्यानं नंबर वाचला, बायकोनं करंडा सरकवला, काकांनी छाप घेतली आणि मला मिठी मारून म्हणाले, "झाला बे तू त्रेचाळीस-अठरा!" मलाही, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

तासाभरानं ते दारात आले. हातात मोबाईल, चेहऱ्यावर काय होतं ते सांगता येणार नाही. भीतीही होती आणि आनंदही.

"दोनदा टाकला नंबर. लाल आलं. कंपनीनं बोलावलं तुह्या गाडीले."

"कायले?"

"पुढच्या ब्रेकचा रबरी पाइप. आतून फुगते आन् फुटते म्हणे. उद्याच नेऊ."

मी हो म्हणालो आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवर गेलो. तिथं पाच ड्रायव्हर, पाच अकला. एक म्हणाला, कंपनीनं परत बोलावलं म्हणजे गाडी गेली. दुसरा म्हणाला, जुन्या गाड्या भंगारात काढायचं धोरण आलं आहे, हा त्याचाच बहाणा. तिसरा म्हणाला, "फुकट? फुकट कोण देते बे? आत नेली का कागद जमा, गाडी जमा." आम्हा वऱ्हाडी माणसांना कोणी लुटलं तर आम्ही समजू शकतो. कोणी फुकट दिलं, की आमची झोप उडते.

मी पहाटे गाडी काढली आणि थेट बार्शीटाकळीकडं निघालो. तिथं जवळच्या खेड्यात साळ्याचा गोठा आहे. कंपनी नंबर शोधत तिथवर येणार नाही, अशी माझी अक्कल. गाडी गोठ्यात घातली, वर ताडपत्री, पुढं कडब्याच्या पेंढ्या. साळ्याला म्हणालो, "दोन हप्ते राहू दे, कोणी विचारलं तं सांगजो नाही म्हून." बसनं परत आलो आणि काकांना सांगितलं, "नागपूरचं लंबं भाडं लागलं काका. आल्यावर नेऊ."

ज्या ब्रेकपायी कंपनीनं बोलावलं होतं, तोच ब्रेक दाबत मी शंभरावर किलोमीटर गेलो होतो. हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

काका तीन दिवस नुसते माझ्याकडं पाहायचे. चौथ्या दिवशी सकाळी ओट्यावर नव्हते. दुपारी साळ्याचा फोन.

"भाऊजी, तुमचे घरमालक आले."

"कुठी?"

"गोठ्यात. गाडीखाली झोपले. निघा म्हटलं तं निघत नाहीत. म्हशी बिथरल्या सगळ्या."

त्यांना पत्ता कसा लागला, ते सोपं होतं. मी घरी आहे आणि गाडी नागपूरला, मग चालवतं कोण? त्यांनी माझ्या बायकोला फक्त एवढंच विचारलं, "पोरी, तुहं माहेर कुठी?" आणि वयाचा पास घेऊन पहिली बस पकडली. त्या बसचेही टायर पाहिल्याशिवाय चढले नसतील, याची मला खात्री आहे.

मी पोचलो तेव्हा दिवस कलला होता. गोठ्यात दहा-बारा माणसं जमलेली. पिकअपच्या खालून फक्त दोन पाय बाहेर, पायांत तपकिरी मोजे. मी त्या मोज्यांशी बोलायला लागलो.

"काका, बाहेर या."

"ट्रॅक्टर आला का?"

"कायचा ट्रॅक्टर?"

"गाडी ओढून न्याले. ही चालवत नेऊ देणार नाही मी. आन् दोरीनं नाही, लोखंडी दांड्यानं. दोरीनं ओढली तं मागच्याले ब्रेक लागते, आन् ब्रेकचाच तं भरोसा नाही."

"काका, कंपनी गाडी ठेवून घेईन. मी काय खाऊ? पोरीले काय खाऊ घालू?"

मोजे बाजूला सरकले. मग आवाज आला, पण वेगळा, हळू. "इकडं ये. झोप माह्या बाजूले."

मी शेणात अंग टाकून आत सरकलो. सगळं गाव पाहात होतं. काकांनी टॉर्च पाइपवर धरला. काळा, गुळगुळीत, माझ्या अंगठ्याएवढा पाइप.

"दिसते काही?"

"नाही काका. चांगला तं हाय."

"मलेबी चांगलाच दिसते. तीस वर्षं मी असे पाइप पाह्यले, आन् मलेबी काही दिसत नाही. समजलं का? डोळ्यानं दिसलं असतं तं कंपनीले बोलवाचं काम काय होतं? म्हून मी माह्या डोळ्यावर भरोसा ठेवत नाही, नंबरावर ठेवतो." टॉर्च विझला. "आन् तू हा पाइप घेऊन अमरावतीहून अठी आला. येकटा. आला नसता तं? मी तुह्या बायकोले काय सांगतलं असतं, मले दिसलं होतं लाल, आन् मी उद्या म्हणलो होतो, आज कावून नाही म्हणलो?"

मला वाटलं होतं ते शिव्या देतील. मी तिथंच, गाडीखाली, रडलो. साळा वाकून म्हणाला, "भाऊजी, काय झालं?" काका म्हणाले, "काही नाही. ट्रॅक्टर आण."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकोल्याला, कंपनीच्या वर्कशॉपकडं आमची मिरवणूक निघाली. पुढं साळ्याचा ट्रॅक्टर, मधे लोखंडी दांडा, मागं माझी पिकअप. स्टीअरिंगवर मी, आणि बाजूला काका. वेगाचं बंधन बैलगाडीचं. रस्त्यात जो तो विचारे, "बंद पडली का?" आणि काका खिडकीतून अर्धे बाहेर येऊन ओरडत, "बंद नाही, धडधाकट हाय! कंपनीनं बोलावली, माहेरी चालली!" अकोल्याच्या वेशीवर येईस्तो चार पिकअपवाले मागं लागले होते, काय भानगड आहे पाहायला. काकांनी सिग्नलवर त्यांचेही नंबर विचारून घेतले.

वर्कशॉपचा मॅनेजर तरुण होता, इस्त्रीच्या शर्टातला, बोलायला नम्र. त्यानं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि मान हलवली. "आजोबा, रिकॉल आहे हे खरं. पण रेकॉर्डला पहिल्या मालकाचं नाव आहे. ते आले पाहिजेत. आणि तुम्ही गाडीचे कोण?"

मला तेव्हाच वाटलं, झालं. शेंदूरजनाघाटचा व्यापारी मला कुठं भेटणार? आणि साळा ट्रॅक्टर घेऊन परत निघालेला. काकांनी पिशवीतून वही काढली, दसऱ्याची छाप काढली. पेन्सिलीच्या काळ्या चौकोनात सतरा पांढरी अक्षरं, एका कोपऱ्यात कुंकवाचं बोट. ती काउंटरवर ठेवली.

"एक सांगा साहेब. कंपनीनं माणसाले बोलावलं, का नंबरले?"

"म्हणजे... नंबरला."

"हा घ्या नंबर. आला."

मॅनेजरनं छाप पाहिली. पडद्यावर पाहिलं. पुन्हा छाप पाहिली. मागं उभ्या असलेल्या दोन मेकॅनिकांनी तोंडावर हात घेतला. मॅनेजर काही वेळ कोणाशी तरी फोनवर बोलला, आणि फोन ठेवताना हसत होता. "पार्ट नागपूरहून येईल. दोन दिवस लागतील. गाडी इथं ठेवा. पैसे काही नाहीत."

"पोचपावती द्या," काका म्हणाले. "गाडी परत द्याची कबुली हाय असं लिहा. माह्या पोराले रात्री झोप नाही लागणार नाही तं." माह्या पोराले, म्हणाले. मॅनेजरनं शिक्का मारून दिलं.

दोन दिवस काका अकोल्यात भाचीकडं राहिले आणि सकाळी नऊला डबा घेऊन वर्कशॉपात हजर. वॉचमन त्यांना खुर्ची द्यायला लागला. तिसऱ्या दिवशी मी पोचलो तर मेकॅनिक गाडीखाली होता आणि काका त्याच्या बाजूला, तरटावर. नवा पाइप बसला. मी मेकॅनिकला म्हणालो, जुना दाखव. त्यानं हातात घेतला, बाहेरून तुळतुळीत. मग त्यानं ब्लेडनं उभा चिरला आणि दोन्ही हातांनी उघडला.

आतून पापुद्रे सुटले होते. एका जागी रबर फुगून भोक जवळजवळ बुजलेलं, आणि त्याच्या बाजूला भिंत इतकी पातळ, की मेकॅनिकनं अंगठा टेकवला आणि तो आरपार गेला. जोर लावला नाही. नुसता टेकवला.

मी तिथंच टायरवर बसलो. कारण पुढच्या आठवड्यात मला चिखलदऱ्याचं भाडं होतं. तिथल्या एका हॉटेलात दिवाळीच्या गर्दीआधी गाद्या पोचवायच्या आणि येताना जुने लोखंडी पलंग खाली आणायचे. बायको म्हणाली होती, मी बी येते, लग्नापासून कुठी नेलं नाही. केबिनमधे ती आणि मांडीवर पोर. घाट उतरताना. पलंगांनी भरलेली गाडी. मी हे काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी तो चिरलेला पाइप मेकॅनिकच्या हातातून घेतला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला.

"आता जाय. नेजो पोरीले. चांगली हवा हाय तठी."

ही बातमी आमच्या आधी अमरावतीला पोचली. त्या टपरीवरचे पाचही ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी अंगणात, आपापल्या गाड्या घेऊन, अकला घरी ठेवून. गल्लीत रांग लागली. काका एकेकाच्या खाली शिरून राहिले, काकू चहा करून थकल्या. त्या हप्त्यात आणखी दोन गाड्या लाल निघाल्या आणि दोन्ही अकोल्याच्या त्याच वर्कशॉपात गेल्या. मॅनेजरनं पहिल्या मालकाचं नावही विचारलं नाही. मी त्या दिवसांत छाप घेऊन द्यायला काकांच्या बाजूला बसायचो आणि कोणी "फुकट कायले देते?" म्हणालं, की माझं डोकं फिरायचं.

चिखलदऱ्याला आम्ही गेलो. गाद्या उतरवल्या, पलंग चढवले, पोरीला दरी दाखवली. तिला काय कळणार, पण बायको खूश होती. चारच्या सुमारास उतरायला लागलो. गाडी खालच्या गिअरमधे, पलंग मागं खणखणून राहिलेले. एका वळणावर वळलो आणि समोर गवळ्याच्या म्हशी. पंधरा-वीस. अख्खा रस्ता भरून, निवांत. डावीकडं दरी, उजवीकडं कातळ. बायकोनं पोरीला छातीशी दाबलं आणि डोळे मिटले. मी ब्रेक दाबला.

पुढच्या म्हशीनं मान वळवली आणि आमच्या काचेकडं पाहिलं. तिच्या शिंगात आणि बोनेटात हातभर जागा होती. मागचे पलंग एकमेकांवर आदळून गप्प झाले. गवळी काठी टेकून म्हणाला, "घाई हाय का?" मी म्हणालो, "नाही बावा. अजिबात नाही." आणि आम्ही दोघं वेड्यासारखे हसत सुटलो, बायको रडत रडत हसत होती.

परतवाड्याला रेंज आली तशी गाडी बाजूला घेतली आणि फोन लावला.

"काका! घाटात म्हशी आडव्या आल्या. भरली गाडी, उतार. ब्रेक दाबला, आन् थांबली काका! जागच्या जागी थांबली!"

पलीकडून नेहमीचा कोरडा आवाज.

"मंग?"

"मंग काय, थांबली म्हणतो ना!"

"अबे, थांबली म्हून फोन करते का कोणी? ब्रेक हाय तो. थांबवाचंच काम हाय त्याचं. ठेव फोन, पैसे जाते."

पण फोन बंद करायचा ते विसरले. बायकोनं माझ्या हातातून मोबाईल घेतला, स्पीकर लावला, आणि आम्ही तिघं रस्त्याच्या कडेला उभे राहून ऐकत राहिलो. चपलांचा आवाज. दार आपटल्याचा आवाज. आणि मग सगळ्या अंगणाला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा, फाटलेला, आनंदानं वेडा झालेला काकांचा आवाज.

"अवं ऐकलं का! कुठी हाय तू? शहात्तर-शून्य-दोन, बाहेर ये! साऱ्यायले बलाव! थांबली! पोर घेऊन होता, भरल्या गाडीनं, घाटात, आन् थांबली!"